अहमदपूर ते लातूर, एसटीत कोणता इअरफोन चालेल? घरच्या घरी करता येतील अशा ७ चाचण्या

अहमदपूर हे लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. लातूर–नांदेड महामार्गावर, दोन्ही शहरांच्या जवळपास मधोमध. इथून कुणी क्लाससाठी लातूरला जातं, कुणी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या कामासाठी नांदेडला. दीड-दोन तासांचा प्रवास आणि कानात इअरफोन. त्यावर कधी नीटचं लेक्चर सुरू असतं, कधी रील्स, कधी कीर्तन, तर कधी घरून आलेला फोन.

म्हणजे इअरफोन ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. अनेकांसाठी ती वही-पेनाइतकी रोजची झाली आहे. पण घेताना मात्र बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: किंमत आणि खोक्यावर छापलेले मोठे आकडे. कानात घालून बघायची सोय दुकानात सहसा नसते आणि ऑनलाइन घेताना तर प्रश्नच येत नाही.

मग चांगला इअरफोन ओळखायचा कसा? त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. स्वतःचा फोन, एक मित्र आणि साधारण एक दिवस एवढं पुरतं.

महाग म्हणजे चांगला, असं असतं का?

नाही. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कानात बसणारे, कानावर टेकणारे आणि पूर्ण कान झाकणारे असे मिळून २८३ हेडफोन मोजले होते. कमी सुरापासून उंच सुरापर्यंत हेडफोन आवाज कसा पोहोचवतो आणि त्याची किंमत किती, यांचा काही संबंध आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. तसा संबंध सापडला नाही.

जास्त पैसे मोजल्यावर टिकाऊपणा, चांगला माइक, बाहेरचा गोंगाट कमी करण्याची सोय, बरं अ‍ॅप अशा गोष्टी मिळू शकतात. पण आवाज चांगला असेलच, याची हमी किंमत देत नाही.

खोक्यावरचे शब्द काय सांगतात?

ड्रायव्हर १० एमएम, १३ एमएम: ड्रायव्हर म्हणजे आवाज तयार करणारा छोटा पडदा. तो मोठा असला की आवाज चांगला, असं काही नसतं. पडदा कशाचा आहे आणि कंपनीने आवाज कसा जुळवला आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

एएनसी आणि ईएनसी: सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एएनसी तुमच्या कानासाठी असतं. बाहेरचा गोंगाट माइक टिपतो, इअरफोन त्याच्या उलट्या लहरी तयार करतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. ईएनसी मात्र समोरच्या माणसासाठी असतं. तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या आजूबाजूचा गोंगाट त्याला कमी ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. स्वस्त इअरफोनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ईएनसी लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याला वाटतं, आता एसटीचा घरघराट बंद होणार. तसं होत नाही.

४० तास, ५० तास बॅटरी: वायर नसलेल्या इअरबड्सच्या बाबतीत हा आकडा बहुतेक वेळा डबीसकट असतो. इअरबड्स एका दमात किती तास चालतात, ते बारीक अक्षरात शोधावं लागतं. शिवाय हे तास मध्यम आवाजावर आणि एएनसी बंद ठेवून मोजलेले असू शकतात.

आयपीएक्स-४, आयपीएक्स-५, आयपीएक्स-७: पाण्यापासून किती संरक्षण आहे, ते हा आकडा सांगतो. ४ म्हणजे शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याची धार चालेल, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास चालेल. ही चाचणी साध्या पाण्यात होते, खारट घामात नाही. मधे ‘एक्स’ असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही. आयपी-५५ लिहिलं असेल तर पहिला ५ धुळीसाठी असतो. फुफाट्याच्या रस्त्यावर रोज ये-जा असेल, तर हा पहिला आकडा बघायला हवा. आणि हे संरक्षण सहसा इअरबड्सना असतं, चार्जिंगच्या डबीला नाही.

आधी प्रकार ठरवा

बाजारात मुख्य तीन प्रकार आहेत.

वायरचा इअरफोन सगळ्यात स्वस्त. चार्जिंग नाही, आवाज उशिरा येणं नाही. पण नव्या अनेक फोनला गोल पिनची जागाच नसते, तिथे टाइप-सी पिनचा घ्यावा लागतो. वायर सहसा पिनेजवळ तुटते.

नेकबँड गळ्यात राहतो. त्याची बॅटरी इअरबड्सपेक्षा मोठी असते आणि गर्दीच्या गाडीत कानातून निसटला तरी सीटखाली हरवत नाही.

वायर नसलेले इअरबड्स सुटसुटीत. २०१६ मध्ये अ‍ॅपलचे एअरपॉड्स आले आणि हा प्रकार जगभर रुळला. पण यांची बॅटरी चिमुकली असते, बहुतेकांमध्ये ती बदलता येत नाही आणि एका बाजूचा बड हरवला की जोडी मोडते.

याशिवाय एक फरक आकाराचा. काही इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसते टेकतात. काहींना सिलिकॉनची टिप असते, दुकानदार जिला ‘रबर’ म्हणतात. ती कानाच्या आत बसते आणि बाहेरचा आवाज अडवते. या रबरवाल्या प्रकाराचं मूळ थेट कानाच्या तपासणीत आहे. अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९८०च्या दशकात श्रवणचाचणीसाठी कानात बसणारे इअरफोन केले आणि १९९१ मध्ये संगीत ऐकण्यासाठी ईआर-४ हा इअरफोन आणला. बाहेरचा आवाज बंद झाला की बारीक आवाजही ऐकू येतो, ही त्यामागची साधी कल्पना. प्रवासात ऐकणाऱ्यांसाठी आजही हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चाचणी १: रबर नीट बसलंय का?

सगळ्यात आधी ही चाचणी करा, कारण यात नापास झालात तर पुढच्या सगळ्या निकालांना अर्थ नाही.

ढोल किंवा पखवाज असलेलं गाणं लावा. इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला, तर रबर नीट बसलेलं नाही, फटीतून आवाज गळतोय. मग खोक्यातल्या लहान-मोठ्या टिप घालून बघा. मोठ्याने बोलूनही बघा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला, तर कान नीट बंद झाला आहे.

दोन्ही कानांची छिद्रं सारखी असतातच असं नाही. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला लहान टिप लागू शकते. ‘या इअरफोनला बेसच नाही’ अशा अनेक तक्रारींचं मूळ या फटीत असतं.

चाचणी २: आधी आवाज सारखा करा, मग तुलना करा

दोन इअरफोनपैकी जो जरा मोठ्याने वाजतो, तो कानाला चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे. त्यामुळे तुलना करायची असेल तर आधी कुणाचं तरी साधं बोलणं लावा आणि दोन्हींवर ते सारख्याच मोठ्याने ऐकू येईल असं बटण ठेवा. फोनवरची पट्टी सारखी ठेवून भागत नाही, कारण एकाच पट्टीवर दोन इअरफोन वेगवेगळ्या मोठेपणाने वाजतात.

फोन एकच, अ‍ॅप एकच, गाण्याची क्वालिटी एकच ठेवा. अ‍ॅपमधलं इक्वलायझर बंद ठेवा. जमलं तर कोणता इअरफोन आहे हे न बघता मित्राला आलटून पालटून द्यायला सांगा. ब्रँडचं नाव दिसलं की मत आधीच बनतं.

चाचणी ३: एक अभंग आणि ‘सैराट’

आवाज तपासायला इंग्रजी गाणीच हवीत असं नाही. पंडित भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावा. त्यात खाली पखवाज आहे, मधे गायकाचा आवाज आणि पेटी, वर टाळ. चांगल्या इअरफोनमध्ये हे थर वेगवेगळे कळतात. पखवाजाची थाप नुसती घुमत राहिली आणि आवाज मागे गेला, तर बेस फुगवलेला आहे. टाळ कानाला टोचले, तर उंच सूर जास्त आहेत. टाळ नुसते खसखसले, तर बारकावे कमी आहेत.

दुसरं, ‘सैराट’. २०१६च्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्टुडिओत केलं होतं. ‘झिंगाट’ प्रत्येक इअरफोनवर दणक्यात वाजतं, त्यावरून काही ठरवू नका. ‘याड लागलं’ लावा आणि गायकाच्या मागची व्हायोलिनची लाट ऐका. ती सुटी ऐकू आली, तर इअरफोन बरा आहे.

लेक्चरसाठी घेत असाल, तर तुमच्याच सरांचं दहा मिनिटांचं लेक्चर ही खरी परीक्षा. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ ही अक्षरं उंच सुरांवर कळतात. बेस फार असला की तीच दबतात आणि मग माणूस आवाज वाढवत जातो.

चाचणी ४: आकडे सांगा, समोरच्याला लिहू द्या

माइक तपासायला ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ पुरत नाही. स्टँडवर किंवा मोंढ्यात उभं राहून घरी फोन लावा आणि दहा आकडे वाचून दाखवा: एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेपन्न, त्रेसष्ट, पंचावन्न, पंचाहत्तर असे एकमेकांसारखे वाटणारे. घरच्याने ते लिहून घ्यायचे. दहापैकी किती बरोबर आले, तो माइकचा निकाल. हीच चाचणी दुसऱ्या इअरफोनवर करा, पण आकड्यांचा क्रम बदलून.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की अनेक इअरफोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि ऐकू येणारा आवाजही उतरतो. ऑनलाइन क्लासमध्ये सरांचा आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्याचं हे एक कारण असतं. तेव्हा इअरफोन फक्त ऐकायला ठेवून फोनचाच माइक वापरता येतो का, ते अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बघा.

चाचणी ५: एसटीतली परीक्षा

घरात शांत खोलीत सगळेच इअरफोन चांगले वाटतात. खरी कसोटी गाडीत. घरी जेवढ्या आवाजावर लेक्चर नीट कळतं, ती पट्टी लक्षात ठेवा. मग बसमध्ये तेच लेक्चर लावा आणि किती पायऱ्या वाढवाव्या लागतात, ते मोजा. ज्या इअरफोनमध्ये कमी पायऱ्या वाढवाव्या लागल्या, तो प्रवासासाठी सरस.

एएनसी असेल तर ते सुरू आणि बंद करून बघा. इंजिनाचा सततचा घरघराट त्याने चांगला कमी होतो. हॉर्न, लहान मुलाचं रडणं, शेजारच्यांच्या गप्पा यावर त्याचा परिणाम कमी, तिथे नीट बसलेलं रबरच जास्त कामाला येतं. रबर सैल असेल तर एएनसीचाही फायदा घटतो.

चाचणी ६: आवाज मागे राहतो का?

ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो. व्हिडिओच्या अनेक अ‍ॅपमध्ये चित्र तेवढंच थांबवून हा फरक लपवला जातो, त्यामुळे व्हिडिओ बघून तो कळत नाही. फोनच्या कीबोर्डचा टकटक आवाज सुरू करा आणि टाइप करून बघा. बोट पडल्यावर टक किती उशिरा येते, ते लगेच जाणवेल. गेम खेळणाऱ्यांनी हे बघायलाच हवं. नुसतं लेक्चर आणि गाणी ऐकणाऱ्यांनी यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

एलडॅक, एएसी असे शब्दही खोक्यावर दिसतात. ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या या पद्धती आहेत आणि त्या फोन व इअरफोन दोन्हींत असतील तरच चालतात. नाहीतर दोघेही एसबीसी या मूळ पद्धतीवर येतात.

चाचणी ७: तासभर कानात, आणि बॅटरी

पाच मिनिटं घातलेला इअरफोन दुखत नाही. सलग एक तास घाला. कानाच्या आत ठणका, बाहेरच्या कडेला टोचणं, घाम येणं, जेवताना किंवा बोलताना निसटणं, यातलं काय होतं ते लिहून ठेवा. दुखणारा इअरफोन आवाजाला कितीही चांगला असला तरी चार दिवसांत ड्रॉवरमध्ये जातो.

बॅटरीसाठी पूर्ण चार्ज करून तुमच्या नेहमीच्या आवाजावर लावून ठेवा आणि बंद पडेपर्यंतची वेळ मोजा. लातूरकडच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत इअरफोन ठेवू नका, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. पावसात भिजलेले बड पुसून, वाळवून मगच डबीत ठेवा.

घेताना काय तपासायचं?

• वायरलेस इअरफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. खोक्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघा. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणारा माल इथेच उघडा पडतो.

• पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी मागता येणं कठीण जातं.

• सर्व्हिस सेंटर कुठे आहे, ते आधी विचारा. लातूर किंवा नांदेडला नसेल, तर घरून कुरिअरने नेतात का? ५०० रुपयांच्या वस्तूसाठी दोन वेळा जाणं-येणं परवडत नाही.

• ऑनलाइन घेताना परत घेण्याची अट वाचा. अनेक ठिकाणी इअरफोन फक्त बदलून मिळतो, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून माल हातात आल्यावर पहिल्या दोन दिवसांत वरच्या चाचण्या उरका.

• दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

किती आवाज, किती वेळ?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात १०० कोटींहून जास्त तरुणांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे. संघटनेने मर्यादाही सांगितली आहे. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल.

डेसिबलचं गणित सरळ रेषेत चालत नाही. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ला १० तास, ९०ला जेमतेम ४ तास. १०० डेसिबलला आठवड्याभरात सुमारे २० मिनिटं. पूर्ण आवाजात फोन आणि इअरफोनची जोडी १०० डेसिबलच्या आसपास सहज जाऊ शकते.

हे गणित रोजच्या प्रवासाला लावून बघा. रोज जाऊन-येऊन साडेतीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २१ तास. एवढा वेळ ऐकायचं तर आवाज ८३ डेसिबलच्या खालीच हवा. पण सैल इअरफोन घालून बसमध्ये बसलं की इंजिनाच्या वर ऐकू येण्यासाठी आवाज त्याच्या बराच पुढे जातो. म्हणूनच पहिली आणि पाचवी चाचणी सगळ्यात महत्त्वाची. रबर नीट बसलं तर तेच लेक्चर तीन-चार पायऱ्या खाली ऐकता येतं आणि कानाचे तास वाचतात.

मोजमापाची सोय आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये आहे, काही अँड्रॉइड फोनमध्येही मोठ्या आवाजाची सूचना येते. ती नसेल तर आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका आणि तासाभराने कानाला थोडी विश्रांती द्या. हातभर अंतरावरचा माणूस ओरडल्याशिवाय ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे. दुचाकीवर आणि महामार्ग ओलांडताना मात्र इअरफोन काढूनच ठेवावा, कारण मागून येणारा ट्रक ऐकू यायला हवा.

टिप आठवड्यातून एकदा काढून धुवा, कोरडी करून लावा, जाळीतला मळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. दुसऱ्याचा इअरफोन तसाच कानात घालू नका, त्यातून कानाचा संसर्ग होऊ शकतो.

इअरफोन काढल्यावर कानात शीऽऽ असा आवाज येत राहणं, कान भरल्यासारखा वाटणं, गर्दीत बोलणं न कळणं ही लक्षणं असतील तर थांबा. आवाजाने मेलेल्या आतल्या कानातल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. एक-दोन दिवसांत फरक पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं, तर एक दिवसही वाट बघू नका. अहमदपूरहून लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही एका एसटीच्या अंतरावर आहेत.